एक म्हणजे किती? इमारत स्कॅनिंगच्या सबस्क्रिप्शनमधली मोजदाद

आजचा प्रश्न तसा हिशेबाचा आहे. इमारती स्कॅन करणारं सॉफ्टवेअर आता बहुतेक सबस्क्रिप्शनवर मिळतं. पैसे भरले की वापरायची एक मर्यादा मिळते. ही मर्यादा मोजतात कशी? आणि ती संपत आली आहे, हे आपल्याला वेळेवर कसं कळणार?

हा विषय आम्ही का निवडला, ते आधी सांगतो. पुण्यातल्या एका पेठेत एका जुन्या वाड्याचं स्कॅनिंग आमच्याकडे आलं होतं. पाडकाम सोमवारी सुरू होणार होतं. शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही वाडा स्कॅन केला, रात्री डेटा कंपनीच्या सर्व्हरवर चढवला. पहिल्यांदा मॉडेल नीट जुळलं नाही. पुन्हा चालवलं, थोडं जुळलं. तिसऱ्यांदा चालवायला गेलो तर क्रेडिट संपली होती. फसलेल्या दोन्ही खेपांचेही पैसे कापले गेले होते! जादा क्रेडिट मंजूर होऊन मिळाली मंगळवारी. तेव्हा कळलं की मागच्या चौकातला जिना दोन मजल्यांमध्ये धड टिपलाच गेला नव्हता. परत जाऊन टिपावा, तर जिना राहिलाच नव्हता.

नियम कंपनीने लिहिलेला होता. आम्ही वाचला नव्हता. तेव्हापासून आम्ही प्रत्येक प्लॅनला पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्याकडे ‘एक’ म्हणजे किती?

वीजबिलात हा प्रश्न येत नाही. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, मग कंपनी कुठलीही असो. स्कॅनिंगमध्ये एकक विकणाराच ठरवतो. एक उदाहरण घेऊ. समजा, तीन मजली वाडा आहे. एकेका मजल्याचं क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर. स्कॅनर ६० जागी मांडला आणि प्रत्येक जागी ३ कोटी बिंदू टिपले. आता हाच वाडा वेगवेगळ्या मीटरवर मोजू.

प्रकल्पांवर मोजलं तर हा एक प्रकल्प. पण सोयीसाठी प्रत्येक मजला वेगळा चढवला तर तीन.

क्षेत्रफळावर मोजलं तर १,२०० चौरस मीटर. की जमिनीवरचा ठसा धरून फक्त ४००? चौक धरायचा का? गच्ची? फ्लॅट घेताना कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अपचा घोळ आपण सगळ्यांनी पाहिलाय. तिथे २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या तरी ठरवून दिली. इथे व्याख्या प्लॅनच्या अटींमध्ये शोधावी लागते.

साठ्यावर मोजलं तर ६० गुणिले ३ कोटी, म्हणजे १८० कोटी बिंदू. एका बिंदूच्या तीन सहनिर्देशकांना १२ बाइट, रंगाला ३ आणि परावर्तनाच्या तीव्रतेला २ धरले, तर एकूण १७ बाइट. गुणाकार केला की ३०.६ जीबी होतात. हजारऐवजी १,०२४ चा हिशेब धरला तर तोच आकडा २८.५ दिसतो. शिवाय फोटो वेगळे, तयार झालेलं मॉडेल वेगळं. ३० जीबीच्या प्लॅनमध्ये हा वाडा मावेल की नाही, हे नुसत्या बिंदूंवरूनही छातीठोकपणे सांगता येत नाही.

माणूस आणि दिवस यांवर मोजलं तर तिघांनी चार दिवस काम केलं, म्हणून १२.

वाडा तोच, काम तेच, पण कुठल्या मीटरवर तो स्वस्त आणि कुठल्या मीटरवर महाग, हे पूर्णपणे वेगळं निघतं. म्हणून दोन प्लॅनच्या नुसत्या किमतींची तुलना करण्यात अर्थ नसतो.

आता मुख्य मुद्दा. या सगळ्या मर्यादांचे आपण दोन गट करू. पहिला पाण्याच्या टाकीसारखा. टाकीत एका वेळी किती मावेल, एवढंच बघायचं. जुनं काढलं की नव्याला जागा होते. साठवण आणि एका वेळी चालू ठेवता येणारे प्रकल्प हे टाकीचे हिशेब. दुसरा गट नळाच्या मीटरसारखा. वाहून गेलेलं पाणी मोजलं गेलं ते गेलं. प्रोसेसिंगची क्रेडिट, टोकन आणि महिन्याला किती स्कॅन चढवता येतील ती संख्या, हे मीटरचे हिशेब. इथे फाइल खोडून काहीही परत मिळत नाही. आमची चूक नेमकी हीच होती. मीटर चालू होता आणि आम्ही टाकी समजून बसलो होतो.

प्रत्यक्षातली उदाहरणं बघू. मॅटरपोर्टचे प्लॅन बराच काळ ‘सक्रिय स्पेस’ किती, यावर बेतलेले आहेत. एखादी स्पेस संग्रहात टाकली की ती मोजणीतून बाहेर पडते, पण मग ती लोकांना बघता येत नाही. हा टाकीचा हिशेब. ऑटोडेस्कची २०२१ मध्ये आलेली फ्लेक्स पद्धत हा मीटर आहे. एका माणसाने एका दिवसात एखादं सॉफ्टवेअर उघडलं की ठरलेली टोकन कापली जातात, मग पाच मिनिटं वापरा नाहीतर आठ तास. आणि टोकन विकत घेतल्यापासून वर्षभरात वापरली नाहीत तर बाद होतात. अशा ठिकाणी रोज थोडं थोडं उघडून बघण्याची सवय महागात पडते. सगळं काम एका दिवसात उरकणं परवडतं.

तिसरं उदाहरण फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या रिॲलिटीकॅप्चरचं. त्यात एक पद्धत अशी होती की जितका डेटा आत घालाल, म्हणजे फोटोंचे जितके मेगापिक्सेल, तितके पैसे. पण ते पैसे मॉडेल बनवून, डोळ्यांनी पाहून, बाहेर काढायच्या वेळी भरायचे. फसलेल्या खेपेचा भुर्दंड नाही. एप्रिल २०२४ मध्ये एपिक गेम्सने हे एककच बदललं. वार्षिक उत्पन्न १० लाख डॉलरच्या आत असेल तर सॉफ्टवेअर मोफत, त्यावर असेल तर माणसागणिक शुल्क. सॉफ्टवेअर तेच, पण एका दिवसात प्रश्न ‘फोटो किती’ यावरून ‘तुमची कमाई किती’ यावर आला. म्हणजे आज ज्या एककावर आपण दर ठरवून गिऱ्हाइकाला कोटेशन देतो, ते एकक उद्या असेलच असं नाही.

म्हणून एकक कळलं की लगेच आणखी तीन गोष्टी विचारायच्या. मोजणी कधी होते: चढवताना, प्रोसेसिंगला, की बाहेर काढताना? फसलेली खेप धरतात का? आणि मर्यादा ओलांडली की काय होतं: काम थांबतं, जादा बिल येतं, की जुनं काहीतरी बंद होतं?

यातला शेवटचा प्रश्न वाड्यांच्या बाबतीत फार जिव्हाळ्याचा आहे. पाडलेल्या इमारतीचं स्कॅन हेच तिचं उरलेलं अस्तित्व असतं. पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चचं लेझर स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कला-इतिहासकाराने ५० हून अधिक जागी स्कॅनर मांडून केलं होतं. त्यात १०० कोटींहून जास्त बिंदू होते. टॅलन २०१८ मध्ये गेले आणि १५ एप्रिल २०१९ ला चर्चला आग लागली. टिपणारा माणूस राहिला नव्हता, तरी त्याची मापं हाताशी होती. हाच डेटा कुणाच्या तरी नूतनीकरण न झालेल्या सबस्क्रिप्शनमागे अडकला असता तर? संग्रहात आहे पण उघडता येत नाही, असं स्कॅन घरच्या माणसांच्या काय कामाचं?

तेव्हा आम्ही आता काय करतो ते सांगतो. कच्चा डेटा स्कॅनरमधून निघाल्या निघाल्या ई५७ या सर्वमान्य स्वरूपात दोन हार्ड डिस्कवर ठेवतो. हे स्वरूप कुठल्याही एका कंपनीचं नाही, त्यामुळे सबस्क्रिप्शन संपलं तरी फाइल दुसरीकडे उघडते. बिंदू एकमेकांना जुळतात का, ही तपासणी जागेवरच, लॅपटॉपवर करतो, कारण तिथे मीटर पळत नाही. मीटरवरचं काम त्यानंतर. महिन्याच्या मर्यादेतला तिसरा हिस्सा आम्ही नसल्यासारखाच धरतो, फसलेल्या खेपांसाठी. आणि एक साधी वही ठेवली आहे: तारीख, काय चढवलं, आपल्या हिशेबाने किती कापलं जायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती कापलं गेलं. कंपनीच्या पानावरचा आकडा कधीकधी उशिरा बदलतो. वहीतला बदलत नाही. दोन आकड्यांत फरक दिसला की त्याच दिवशी विचारायचं, महिनाअखेरीची वाट बघायची नाही.

आणि कॅलेंडर दोन बघायची. एक प्लॅनचं, मर्यादा पुन्हा कधी भरते ते दाखवणारं. दुसरं पाडकामाचं. पहिल्यातली तारीख चुकली तर पैसे जातात. दुसऱ्यातली चुकली तर जिना जातो, आणि त्याचं टॉप-अप कुठे मिळत नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.