कोराडी, भांडेवाडी आणि आपलं घर

कोराडीच्या जगदंबेच्या दर्शनाला गेलेल्या प्रत्येक नागपूरकराने औष्णिक वीज केंद्राची धुरांडी पाहिली आहेत. थोडं पलीकडे खापरखेडा. या दोन केंद्रांची क्षमता मिळून साडेतीन हजार मेगावॅटच्या आसपास. ही वीज राज्याच्या ग्रीडमध्ये मिसळते, त्यामुळे आपल्या घरातला पंखा कोणत्या संचावर फिरतो हे बोट दाखवून सांगता येत नाही. पण कोळसा इथे जळतो आणि राखही इथेच साठते. शहराचा कचरा भांडेवाडीला जातो, तीही शहराच्या हद्दीतच. नागपूरकराच्या घरातून जे बाहेर पडतं ते फार दूर जात नाही, कोणाच्या तरी अंगणाशी जाऊन थांबतं. पर्यावरणपूरक जगण्याचा विचार मला इथूनच सुरू करावासा वाटतो. हिमनद्या वितळताहेत हे खरंच आहे, पण त्याआधी राखेच्या तलावांशेजारच्या खसाळा, वारेगावची आणि कचऱ्याशेजारच्या भांडेवाडीची माणसं आपल्या हिशेबात यायला हवीत.

हिशेब म्हटला की वजन आलं. कापडी पिशवी, स्टीलची बाटली, नळ बंद ठेवून दात घासणं, गाडीऐवजी पायी जाणं, एसीचं तापमान वाढवणं, या सगळ्या गोष्टी आपण एकाच यादीत, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहितो. त्यातून कापडी पिशवी घेतली की कर्तव्य झालं असं समाधान मिळतं आणि रात्रभर सोळावर चालणाऱ्या एसीकडे लक्ष जात नाही. नागपुरातल्या मध्यमवर्गीय घरापुरतं बोलायचं तर सगळ्यात जड पारडं उन्हाळ्यातल्या विजेचं आहे.

कोळशापासून वीज करताना एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण फार, ३० टक्के आणि त्याहून जास्त. म्हणजे दर युनिटमागे सुमारे २०० ग्रॅम राख. दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालला तर मोटामोटी आठ युनिट वीज घेतो. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत धरलं तर एका खोलीचे ६०० युनिट होतात. त्यासाठी जवळपास ४०० किलो कोळसा जळतो आणि १२० किलो राख उरते. त्यातली बरीच राख पाण्यात कालवून नळांवाटे राखेच्या तलावात सोडली जाते. जुलै २०२२ मध्ये मुसळधार पावसात खसाळ्याच्या राख तलावाचा बांध फुटला, तेव्हा राखेचं पाणी आसपासच्या शेतांत आणि नाल्यांत शिरलं. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या बोलण्यात हीच राख होती. विजेची मागणी वाढते म्हणून संच वाढतात, आणि मागणी वाढवणाऱ्यांत आपण सगळे आहोत.

तरीही मे महिन्यात नागपूरकराला एसी लावू नका असं सांगणं मला निर्दयपणाचं वाटतं. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती. घरात म्हातारी माणसं, तान्ही बाळं, आजारी माणसं असतात. थंडावा ही गरज आहे; तो किती विजेत मिळवायचा हे मात्र बरंचसं आपल्या हातात आहे.

सुरुवात छतापासून करावी. वरच्या मजल्यावरच्या घरात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो. मार्चमध्ये गच्ची झाडून तिला चुन्याचे दोन हात दिले, किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावला, तर खालची खोली दोन ते पाच अंशांनी थंड राहू शकते. इतक्या कमी पैशांत इतका परिणाम देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही. मग पश्चिमेच्या खिडक्या. बाहेरून चटई, बांबूचा पडदा किंवा हिरवी जाळी लावली तर ऊन काचेपर्यंत पोहोचतच नाही. आतला पडदा ते काम अर्धंमुर्धंच करतो, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते.

नंतर कूलर. विदर्भाला या यंत्राचं मोल सांगायला नको. १ लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट इतकी उष्णता हवेतून ओढली जाते, आणि ती वाफ करायला कूलर फक्त पंखा नि छोटा पंप चालवतो. एकूण वीज २०० वॅटच्या आसपास. आठ तासांचे दीडएक युनिट, म्हणजे एसीच्या सुमारे पाचवा हिस्सा. मे महिन्यात आपली हवा इतकी कोरडी असते की हे यंत्र इथे मनापासून काम करतं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत ते निरुपयोगी. अट एकच, समोरची खिडकी उघडी हवी. दारंखिडक्या लावून कूलर चालवला तर ओल साठते, घाम वाळत नाही आणि मग कूलरला नावं ठेवली जातात.

कूलरला पाणी मात्र लागतं, आणि हे पाणी फुकट नाही. मोठा डेझर्ट कूलर दिवसाला १०० लिटरच्या पुढे सहज जातो. शहराचं बरंचसं पाणी पेंचचं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांचं. त्याच पाण्यावर पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या धानाची आशा असते. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोहचा साठा इतका खाली गेला की महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावं लागलं. तेव्हा कूलरही शहाणपणाने वापरावा. पंपाला वेगळं बटण किंवा टायमर लावून तो अर्धा वेळ बंद ठेवला तरी ताट्या ओल्याच राहतात. वरून वाहणारी टाकी आणि अंगण धुणारा पाइप हे तर आधी थांबवायला हवेत. लाकडाच्या तंतूंच्या ताट्या दरवर्षी फेकाव्या लागतात; जाळीदार हनीकोम्ब ताट्या काळजी घेतली तर तीन-चार हंगाम टिकतात.

जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलर हरतो. त्या दिवसांत एसी लावायचाच असेल तर २६-२७ अंशांवर लावून सोबत पंखा चालवावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या हिशेबाने तापमान १ अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताना आपोआप २४ अंशांवरच सुरू होतात, तेही याच कारणाने. आणि पंखा. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आत तेवढाच वारा देतो. चार पंखे दिवसाला १५ तास फिरणाऱ्या घरात महिन्याला ऐंशीएक युनिट वाचतात, तेही कोणालाही उकाडा सोसायला न लावता.

इथे पौर्णिमा दिवसाचा उल्लेख करायला हवा. अनिल सोले महापौर असताना महापालिका आणि ग्रीन विजिल फाउंडेशनने पौर्णिमेच्या रात्री तासभर अनावश्यक दिवे बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. स्वयंसेवक चौकाचौकांत उभे राहून दुकानदारांना विनंती करतात. ही कल्पना मला फार आवडते, कारण तिने विजेचा विषय सार्वजनिक केला, शेजाऱ्याशी बोलण्याचा केला. पण एलईडीच्या जमान्यात तासाभराच्या दिव्यांचं वजन कमी झालं आहे. आज पौर्णिमेला शेजाऱ्याचं दार वाजवायचं तर बोलणं गच्चीवरच्या चुन्याचं आणि पंख्यांचं व्हावं.

आता भांडेवाडी. शहराचा दिवसाचा कचरा हजार टनांच्या पुढे आहे. वर्षानुवर्षं तो एकत्र येऊन तिथे डोंगर झाले. ओला कचरा दाबला गेला की हवा न लागता कुजतो आणि मिथेन तयार होतो. उन्हाळ्यात तिथे आगी लागतात त्यात या वायूचा हात असतो, आणि आजूबाजूच्या वस्त्यांना धूर गिळावा लागतो. साठलेला कचरा उपसून, चाळून वेगळा करण्याचं काम तिथे झालं आहे. पण रोजचा कचरा मिसळून येत राहिला तर उपशाला अंत नाही. घरातल्या कचऱ्याचा निम्मा भाग ओला असतो. तो घरातच जिरवला तर भांडेवाडीला जाणारं आपलं ओझं अर्ध्यावर येतं आणि उरलेला सुका कचरा कोरडा, स्वच्छ, विकण्याजोगा राहतो. खरकट्याने माखलेला कागद कबाडीवाला घेत नाही, आणि कचरा वेचणाऱ्या बाईला तो हाताने उचलावा लागतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणं बंधनकारक केलं. औषधं, बॅटऱ्या, ट्यूबलाइट हे तिसऱ्या डब्याचं.

घरच्या खतासाठी तळाला आणि बाजूंना भोकं पाडलेली जुनी बादली किंवा माठ पुरतो. एक थर ओल्याचा, त्यावर तेवढाच किंवा जास्त थर वाळक्या पानांचा, मूठभर माती, थोडं आंबट ताक. वास आला तर ओल जास्त झाली असं समजावं आणि आणखी पानं घालावीत. दोनेक महिन्यांत खत होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ होते, तेव्हाच वर्षभराची पानं पोत्यांत भरून ठेवावीत; आपल्याकडे ती रस्त्याकडेला पेटवून देतात, ते बेकायदा तर आहेच, पण खताचा अर्धा माल जाळणंही आहे. संत्र्यांच्या दिवसांत सालींचा ढीग होतो. त्या बारीक चिरून थोड्याथोड्या घालाव्यात, एकदम पुष्कळ टाकल्या तर कुजण्याची गती मंदावते. उरलेल्या सालींचं तीन भाग साल, एक भाग गूळ, दहा भाग पाणी असं मिश्रण तीन महिने आंबवलं की फरशी पुसायला चालणारा आंबट द्रव तयार होतो. सुरुवातीचा महिनाभर बाटलीचं झाकण रोज सैल करायचं, आत वायू साठतो.

भांडेवाडीतच शहराचं सांडपाणीही शुद्ध होतं. तिथल्या केंद्रातून दिवसाला १३० दशलक्ष लिटरपर्यंत पाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची योजना झाली, त्यामुळे तेवढं पेंचचं पाणी वाचतं. नागपूरने केलेल्या या कामाचा मला अभिमान वाटतो. घरातून एवढंच करायचं: तळणीचं तेल, रंग आणि औषधं मोरीत ओतायची नाहीत.

गाड्यांचा हिशेब सोपा आहे. १ लिटर पेट्रोल जळालं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे स्कूटरला किलोमीटरमागे सुमारे ५० ग्रॅम. विजेची स्कूटर कोळशाच्या विजेवर भरली तरी तो आकडा निम्म्याच्या आसपास येतो. ११ डिसेंबर २०२२ पासून मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे दोन्ही मार्ग पूर्ण चालू आहेत. शहर सपाट आहे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकलसाठी हवा उत्तम. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांना दुचाकी काढण्याची सवय तरी त्या चार महिन्यांत मोडावी.

कापडी पिशवीबद्दल थोडंच. जुन्या साडीची, धोतराची, चादरीची पिशवी सगळ्यात चांगली. कार्यक्रमांत वाटलेल्या नव्या पिशव्या कपाटात साठल्या तर त्या कापसाचं पाणी आणि खत वाया गेलं. महाप्रसादाला थर्माकोल आणि प्लास्टिकऐवजी पळसाच्या पत्रावळी आणाव्यात. पूर्व विदर्भातल्या बायकांच्या हाताला त्यातून काम मिळतं. गणपती चितारओळीतून मातीचा आणायचा तर मूर्तिकाराला आधीच सांगून ठेवावं.

राहिलं सौरऊर्जेचं. १ किलोवॅटचे पॅनेल नागपुरात महिन्याला सरासरी १२० युनिट देतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांचं केंद्राचं अनुदान मिळतं. पॅनेलच्या सावलीने स्लॅब कमी तापतो. मात्र बिल शून्यावर आलं म्हणून एसी जास्त चालवू नये, कारण रात्रीची वीज अजून बहुतांश कोळशाचीच असते. स्वतंत्र घरवाल्यांनी पॅनेल बसवायला सुरुवात केली आहे, अडतंय ते फ्लॅटवाल्यांचं, कारण गच्ची सगळ्यांची असते. त्यांच्यासाठी सामायिक वापराला, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांना, दर किलोवॅटमागे १८ हजार रुपयांचं वेगळं अनुदान आहे. १० किलोवॅटला सुमारे हजार चौरस फूट मोकळी गच्ची लागते. सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. तिथे हा विषय मांडून ठराव झाला, तर पुढच्या मार्चच्या आत पॅनेल लागू शकतात, आणि उरलेल्या गच्चीला चुनाही देऊन होतो.