व्हीपीएन घेताना विश्वास कोणावर ठेवायचा?

डिजिटल सुरक्षा लेखमाला : भाग ९

व्हीपीएन चालू केलं की तुम्ही इंटरनेटवर काय करता हे कोणालाच दिसत नाही, असं जाहिराती सांगतात. ते खरं नाही. आधी ज्याला दिसत होतं त्याला दिसायचं थांबतं आणि दुसऱ्या कोणाला तरी दिसू लागतं. हा दुसरा कोण आहे, हे न पाहता व्हीपीएन घेणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, म्हणून आजचा भाग त्यावर.

तुमच्या फोनवरून निघालेली प्रत्येक मागणी जिओ, एअरटेल किंवा गल्लीतल्या केबलवाल्याच्या यंत्रणेतून पुढे जाते. आज बहुतेक वेबसाइट एचटीटीपीएसवर असल्याने तुम्ही पानावर काय वाचलं, कोणता पासवर्ड टाकला हे त्यांना दिसत नाही. पण कोणत्या साइटवर गेलात, कधी गेलात, किती वेळ होतात, हे दिसतं. व्हीपीएन हे सगळं आणखी एका पाकिटात बंद करतं आणि त्या पाकिटावर पत्ता असतो फक्त व्हीपीएन कंपनीच्या सर्व्हरचा. तिथे बाहेरचं पाकीट उघडलं जातं आणि आतलं पत्र मूळ ठिकाणी रवाना होतं. इंटरनेट देणाऱ्याला आता एकच पत्ता दिसतो. समोरच्या वेबसाइटला तुमच्याऐवजी त्या सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. आणि केबलवाल्याला कालपर्यंत जे दिसत होतं, ते सगळं आता व्हीपीएन कंपनीसमोर असतं.

व्हीपीएन काय करत नाही, हेही इथेच सांगतो. तुम्ही गूगलमध्ये लॉग-इन असाल तर गूगल तुम्हाला ओळखतंच. बनावट केवायसीची लिंक, ओटीपी मागणारा फोन, ‘डिजिटल अटके’ची धमकी यांपैकी एकही गोष्ट व्हीपीएन अडवत नाही. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर केवळ ‘सुरक्षेसाठी’ व्हीपीएन टाकून निर्धास्त होऊ नका.

आता मूळ प्रश्न. जवळजवळ प्रत्येक कंपनी म्हणते, ‘आम्ही नोंदी ठेवत नाही.’ हा दावा खरा की खोटा, हे बाहेरून दिसत नाही. पण पोलीस दारात आले तेव्हा काय घडलं, हे काही कंपन्यांच्या बाबतीत जगजाहीर आहे. 2011 मध्ये सोनी पिक्चर्सवरच्या सायबर हल्ल्याचा तपास सुरू असताना ‘हाइडमायअ‍ॅस’ या ब्रिटिश कंपनीने न्यायालयाच्या आदेशानंतर एका ग्राहकाच्या नोंदी दिल्या. 2017 मध्ये अमेरिकेत एका महिलेचा ऑनलाइन छळ करणाऱ्या माणसापर्यंत एफबीआय पोहोचली, त्यात ‘प्युअरव्हीपीएन’च्या नोंदींचा हातभार होता. तो माणूस पकडला गेला हे चांगलंच झालं. तरीही ग्राहकाला महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: नोंदी ठेवत नाही म्हणणाऱ्या कंपनीकडे नोंदी होत्या.

उलट उदाहरणंही आहेत. डिसेंबर 2016 मध्ये अंकारात रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांची हत्या झाली. त्या तपासात तुर्कस्तानच्या यंत्रणेने ‘एक्सप्रेसव्हीपीएन’चा सर्व्हर ताब्यात घेतला, पण त्यातून उपयोगाचं काही निघालं नाही. मला सर्वांत बोलकं वाटतं ते ‘मुलवाड’ या स्वीडिश कंपनीचं प्रकरण. 18 एप्रिल 2023 रोजी स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्गच्या कचेरीत आले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक त्यांना न्यायचे होते. कंपनीने आपली यंत्रणा समजावून सांगितली आणि अशी माहिती अस्तित्वातच नसल्याचं दाखवून दिलं. पोलिसांनी सरकारी वकिलाशी बोलणं केलं आणि ते रिकाम्या हाताने परत गेले.

हे शक्य का झालं, ते पाहण्यासारखं आहे. मुलवाडचं खातं उघडताना नाव, ईमेल, फोन काही विचारत नाहीत. एक 16 आकडी क्रमांक मिळतो, तेच तुमचं खातं. महिन्याचे सरसकट 5 युरो. पाकिटात नोटा घालून टपालाने पाठवल्या तरी घेतात. 2022 मध्ये त्यांनी दरमहा आपोआप पैसे कापण्याची सोयही बंद केली, कारण त्यासाठी ग्राहकाच्या पैसे भरण्याची माहिती साठवून ठेवावी लागते. जी माहिती घेतलीच नाही, ती कोणीही जप्त करू शकत नाही. कोणतीही सेवा पाहताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: खातं उघडताना हे लोक माझ्याबद्दल काय काय मागतात?

स्वतंत्र तपासणीचा अहवालही पाहावा. प्राइसवॉटरहाउसकूपर्स, डेलॉइट, क्युअर53 अशा संस्था व्हीपीएन कंपन्यांची यंत्रणा तपासतात. अहवाल कधीचा आहे, आणि त्यात नोंदींचं धोरण तपासलंय की नुसतं ॲप, एवढं वाचलं तरी पुष्कळ कळतं. अर्थात तपासणी त्या दिवसापुरती असते.

भारतातल्या वाचकाला आणखी एक गोष्ट माहीत हवी. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने 28 एप्रिल 2022 रोजी निर्देश काढले. व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं पडताळलेलं नाव, पत्ता, फोन, ईमेल, त्याला दिलेले आयपी पत्ते, इतकंच नव्हे तर तो सेवा कशासाठी घेतोय हेही नोंदवायचं, आणि ग्राहक सोडून गेल्यावरही 5 वर्षं जपायचं. कंपन्यांच्या अंतर्गत वापराच्या व्हीपीएनला यातून सूट आहे. हे निर्देश लागू होण्याच्या सुमारास एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. पण ज्या कंपनीचे सर्व्हर भारतात आहेत आणि जी हे निर्देश पाळते, तिच्याकडे तुमची नोंद असणार, हे धरून चाला. ॲपमधल्या देशांच्या यादीत आज ‘भारत’ दिसतो, तो पुष्कळदा सिंगापूर किंवा ब्रिटनमध्ये ठेवलेल्या, भारतीय आयपी पत्ता दाखवणाऱ्या सर्व्हरचा असतो.

फुकट व्हीपीएनबद्दल मात्र मला स्पष्टच बोलायचंय: माहीत नसलेलं फुकट व्हीपीएन टाकण्यापेक्षा व्हीपीएन नसलेलं बरं. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी इतरांसोबत 2016 मध्ये अँड्रॉइडची 283 व्हीपीएन ॲप तपासली. 38 टक्के ॲपमध्ये मालवेअरच्या खुणा सापडल्या आणि 18 टक्के ॲप तर माहिती कूटबद्धच करत नव्हती. फेसबुकने ‘ओनावो’ हे व्हीपीएन संरक्षणाच्या नावाखाली दिलं आणि लोक कोणती ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून स्वतःच्या धंद्यासाठी गोळा केली; 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने त्याबद्दल मेटाच्या उपकंपन्यांना 2 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. त्याहून भयंकर प्रकार मे 2024 मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने उघड केला. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट व्हीपीएन टाकणाऱ्यांचे संगणक नकळत एका टोळीच्या जाळ्यात जोडले जात होते आणि गुन्हेगार त्यांचे आयपी पत्ते भाड्याने वापरत होते. जगभरातले सुमारे 1 कोटी 90 लाख आयपी पत्ते त्यात होते. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि तपासात पत्ता तुमच्या घराचा. फुकटच हवं असेल तर प्रोटॉनचा मोफत प्लॅन हा माझ्या मते विश्वासाचा अपवाद आहे. त्याचा खर्च पैसे भरणारे ग्राहक उचलतात, त्यात जाहिराती नाहीत आणि ॲपचा कोड कोणालाही तपासता येतो.

‘सर्वोत्तम 10 व्हीपीएन’ अशा याद्यांवर विसंबू नका. केप टेक्नॉलॉजीज ही कंपनी पूर्वी क्रॉसरायडर नावाने ओळखली जायची आणि तिच्या प्लॅटफॉर्मचा वापर ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी झाला होता. तिने पुढे सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि 2021 मध्ये एक्सप्रेसव्हीपीएनही विकत घेतलं. त्याच वर्षी तिने व्हीपीएनची परीक्षणं छापणाऱ्या ‘व्हीपीएनमेंटॉर’ आणि ‘विझकेस’ या साइट चालवणारी कंपनीही घेतली. याद्यांमधल्या बहुतेक लिंकवर विक्रीमागे कमिशन असतं, ते वेगळंच.

प्रवासाला निघताना आधी त्या देशाचा कायदा पाहा. आपली कितीतरी माणसं दुबई-अबू धाबीत आहेत, म्हणून तिथलं सांगतो. तिथे व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल सहसा लागत नाहीत, आणि म्हणून नवीन आलेल्याला कोणी तरी व्हीपीएन टाकायला सांगतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हीपीएनवर सरसकट बंदी नाही, पण गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी दुसऱ्याचा आयपी पत्ता वापरला तर कैद आणि 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड होऊ शकतो. परवानगी नसलेले कॉल या कलमात ओढले जाण्याचा धोका घरी फोन करण्यासाठी पत्करू नये. ‘बोटिम’सारखी परवाना असलेली ॲप तिथे आहेत. चीनला जाणार असाल तर ॲप इथूनच टाकून, चालवून पाहून जा. ॲपलने 2017 मध्येच तिथल्या स्टोअरमधून व्हीपीएन काढली आणि प्ले स्टोअर तिथे चालत नाही. भारतीय सिमच्या रोमिंगवर डेटा बहुधा भारतातल्या कंपनीमार्फत फिरतो, त्यामुळे थोड्या दिवसांच्या कामाला तेवढंही पुरतं. आणि परदेशच कशाला, जम्मू-काश्मीरमधल्या काही जिल्ह्यांत सुरक्षेच्या कारणावरून व्हीपीएनवर तात्पुरती बंदी घालणारे आदेश निघालेले आहेत. काश्मीरची सहल ठरवताना हेही विचारून घ्या.

स्ट्रीमिंगसाठी व्हीपीएन घेणारे सर्वांत जास्त निराश होतात. नेटफ्लिक्सने जानेवारी 2016 मध्ये भारतासह 130 देशांत पाऊल टाकलं आणि त्याच महिन्यात व्हीपीएन अडवण्याचं धोरण जाहीर केलं. कारण सरळ आहे: चित्रपटाचे हक्क देशागणिक वेगळे विकले जातात. व्हीपीएनचे आयपी पत्ते डेटा सेंटरचे असतात आणि एकाच पत्त्यावरून शेकडो लोक येतात, त्यामुळे ते ओळखणं अवघड नसतं. व्हीपीएन ओळखलं गेलं की नेटफ्लिक्स फक्त जगभराचे हक्क असलेले कार्यक्रम दाखवतं. आज चालणारा सर्व्हर उद्या बंद पडतो. म्हणून ‘सर्व ओटीटी चालतील’ या आश्वासनावर दोन-तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरू नका, आणि सेवेच्या अटींत व्हीपीएनला मनाई आहे का ते वाचा.

परदेशात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी मुलांना मात्र भारतीय पत्त्याची गरज खरीच असते, आणि ती स्ट्रीमिंगपुरती नसते. काही सरकारी आणि बँकांच्या साइट परदेशातून उघडत नाहीत. त्यांच्यासाठी मला विकतच्या व्हीपीएनपेक्षा घरचं व्हीपीएन जास्त पटतं. पुण्या-नाशिकच्या घरी फायबरचं कनेक्शन असेल, तर एखादा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक राउटरला जोडून त्यावर ‘टेलस्केल’ हे ॲप टाकायचं. वैयक्तिक वापराला ते मोफत आहे. त्यात त्या यंत्राला ‘एक्झिट नोड’ करायचं, फ्रँकफर्टमधल्या फोनवर त्याच खात्याने लॉग-इन करायचं आणि तो नोड निवडायचा. झालं, फोनचं सगळं येणं-जाणं आता पुण्याच्या घरातून होतं. इकडचे अनेक इंटरनेटवाले एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटतात, त्यामुळे बाहेरून घरच्या यंत्रापर्यंत पोहोचणं एरवी कठीण जातं. टेलस्केल त्यातून वाट काढतं. वेग घरच्या कनेक्शनच्या अपलोडवर ठरतो, एचडी चित्राला 5 एमबीपीएस पुरतात. आई-बाबांना याची कल्पना द्या, कारण जे काही पाहिलं जाईल ते त्यांच्या कनेक्शनच्या नावावर असेल. आणि वीज गेली की कोणाला फोन करायचा तेही ठरवून ठेवा.

कोणतीही सेवा घेतली तरी पहिल्याच दिवशी ती तपासा. व्हीपीएन बंद ठेवून ‘डीएनएस लीक टेस्ट’ची एखादी साइट उघडा, तुमचं शहर आणि इंटरनेट कंपनीचं नाव दिसेल. आता व्हीपीएन चालू करून तीच चाचणी पुन्हा करा. यादीत एका जागी जरी जिओ किंवा एअरटेलचं नाव दिसलं, तर माहिती बाजूने निसटते आहे. ही चाचणी मोबाइल डेटावर जरूर करा. जिओसारखी नेटवर्क मोठ्या प्रमाणावर आयपीव्ही6, म्हणजे नव्या पद्धतीचे आयपी पत्ते, वापरतात आणि कच्ची व्हीपीएन नेमकी तिथेच गळतात. वर सांगितलेल्या सीएसआयआरओच्या पाहणीत 84 टक्के ॲपमध्ये हा दोष होता. मग अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हीपीएनच्या नावापुढचं दातेरी चाक दाबा. तिथे दोन बटणं असतात: व्हीपीएन कायम चालू ठेवणारं, आणि व्हीपीएन तुटलं तर इंटरनेटच अडवणारं. गोपनीयता हवी असेल तर दोन्ही चालू करा. बँकेचं ॲप व्हीपीएनवर उघडेनासं झालं तर तेवढ्यापुरतं दुसरं बटण बंद करून ते ॲप व्हीपीएनमधून वगळा; ते बटण चालू असेल तर वगळलेल्या ॲपलाही इंटरनेट मिळत नाही. ॲपमध्ये प्रोटोकॉल निवडायला मिळत असेल तर ‘वायरगार्ड’ निवडा. जेमतेम 4,000 ओळींचा हा कोड तपासायला सोपा आहे, वेगवान आहे आणि 2020 पासून लिनक्सच्या गाभ्यात सामील आहे.

गोपनीयतेसाठी आज घ्यायचं झालं तर मी मुलवाड किंवा प्रोटॉन सुचवेन. एकाच महिन्याचे पैसे भरा, भले तो दर महाग दिसो. जाहिरातीतला स्वस्त दर बहुधा दोन वर्षांच्या आगाऊ रकमेला महिन्यांनी भागून काढलेला असतो आणि मुदत संपल्यावर तो वाढतो. त्यामुळे लांबची मुदत घ्यायचीच ठरली, तर पैसे भरल्या दिवशीच खात्यात जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा, आणि पैसे परत मिळण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : घरचा राउटर आणि त्याचा कधीच न बदललेला पासवर्ड)