आईचं वजन आणि वारेची जनुकं

प्रसूतिगृहात बाळ रडलं की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. थोड्या वेळाने वार पडते. डॉक्टर ती ट्रेमध्ये पसरतात, उलटसुलट करून बघतात, एखादा तुकडा आत राहिलेला नाही ना याची खात्री करून घेतात. मग ती पिवळ्या पिशवीत जाते. अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचा, वीतभर रुंदीचा हा अवयव नऊ महिने बाळाचं फुप्फुस असतो, मूत्रपिंड असतो, आतडं असतो आणि संप्रेरकं सोडणारी ग्रंथीही असतो.

वार आईच्या गर्भाशयात रुजते, पण घडते फलित बीजापासून. म्हणजे तिच्यातली जनुकं बाळाची, निम्मी आईकडून आणि निम्मी बापाकडून आलेली. तिच्या अंकुरांना चहूबाजूंनी भिडणारं रक्त मात्र आईचं. आईच्या रक्तातली साखर, चरबी, इन्शुलिन यांची गाठ बाळाच्या जनुकांशी पहिल्यांदा पडते ती इथे.

या गाठीत जनुकांचा मजकूर बदलत नाही. कोणतं जनुक किती काम करणार, हे बदलतं. डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाचा छोटासा रासायनिक गट चिकटतो. जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक बहुधा थंडावतं. विरळ झाले की जागं होऊ शकतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरही अशा खुणा असतात.

आईचं वजन जास्त असलं की तिच्या रक्तात इन्शुलिन आणि लेप्टिन ही संप्रेरकं वाढतात, अ‍ॅडिपोनेक्टिन हे आणखी एक संप्रेरक घटतं, आणि अंगभर सौम्य दाह धुमसत राहतो. वारेच्या अंकुरांवरच्या पेशींत ‘एमटॉर’ नावाची प्रथिनांची यंत्रणा असते. नवी मुंबईतल्या खारघरच्या सोसायटीतला पाणी सोडणारा माणूस टाकीची पातळी बघून वॉल्व्ह फिरवतो, तसं तिचं काम. आईकडे किती पोषण आहे हे जोखून ती बाळाकडे जाणाऱ्या अमिनो आम्लांची वाट उघडते किंवा आवळते. थॉमस यान्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थूल असलेल्या आणि मोठी बाळं झालेल्या स्त्रियांच्या वारेत ही यंत्रणा जास्त जोरात चाललेली आढळली. याच क्षेत्रातला २०१५ चा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. स्थूल गाभण उंदरांना अ‍ॅडिपोनेक्टिन दिल्यावर त्यांच्या वारेचं काम आणि पिल्लांची वाढ पूर्वपदावर आली. म्हणजे वारेचा हा कल, निदान उंदरांत तरी, बदलता येतो.

मिथाइलच्या खुणांबाबत चित्र इतकं स्वच्छ नाही. वारेतल्या लेप्टिनच्या जनुकावर आईच्या स्थूलतेचा आणि साखरेचा ठसा दिसतो, असं अनेक प्रयोगशाळांनी नोंदवलं. पण खुणा वाढतात की घटतात, यावर त्यांचं एकमत नाही. फरकही बहुतेकदा थोड्याच टक्क्यांचे. ‘आईच्या खाण्याने बाळाची जनुकं बिघडतात’ असे मथळे छापणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यात उलगडला. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या बायका किरकोळ अंगाच्या, शेतात राबणाऱ्या. त्यांची बाळं सरासरी पावणेतीन किलोच्याही आतली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोच्या घरातली. पण फितीने घेर आणि चिमट्याने कातडीची जाडी मोजली तेव्हा दिसलं, की पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळांइतकीच. दिसायला बारीक, आतून चरबीदार! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचं छायाचित्र शेजारी शेजारी छापलं गेलं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता धरावी, असं आपल्याकडचे तज्ज्ञ सांगत आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ किंवा त्याहून जास्त बीएमआय असलेल्या स्त्रियांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये २०.६ टक्के होतं, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झालं. शहरांत तर ते तिघींत एक. खारघरसारख्या सिडकोने वसवलेल्या गावात यातल्या कितीतरी जणींचा जन्म सातारा, सांगली, जळगावच्या खेड्यांतला. लहानखुऱ्या बाळाची शरीरयष्टी घेऊन आलेली मुलगी इथे लिफ्ट, खुर्चीतली नोकरी आणि लोकलचा दीड तास यांत तिशीला पोचते आणि मग गरोदर राहते. उपास आणि अजीर्ण एकाच देहात; तिच्या वारेला दोन्हींचा हिशेब ठेवावा लागतो.

वारेचा अभ्यास महाराष्ट्रात होतोही. पुण्यात भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत डॉ. साधना जोशी यांच्या गटाने गरोदरपणात रक्तदाब चढलेल्या स्त्रियांच्या वारा तपासल्या. पूर्ण दिवस भरलेल्या अशा बाळंतिणींच्या वारेत डीएनएवरच्या मिथाइलचं एकूण प्रमाण वाढलेलं होतं, असं त्यांनी २०११ मध्ये मांडलं. स्थूलता हे त्या विकाराचं एक मोठं जोखमीचं कारण. खुद्द खारघरच्या सेक्टर २२ मध्ये टाटा स्मारक केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ आहे. तिथे जनुकांच्या नियमनाकडे कर्करोगाच्या अंगाने पाहिलं जातं. वारेच्या पेशीही गर्भाशयाच्या भिंतीत घुसतात, प्रतिकारशक्तीला चुकवतात, आणि त्यांच्या डीएनएवर मिथाइल कमी असतं. या बाबतीत कर्करोगाच्या गाठीशी त्यांचं साम्य आहे. फरक इतकाच, की वार कुठे थांबायचं ते जाणते. खारघरच्या त्या केंद्रातल्या विद्येचा रोख एकदा वारेकडेही वळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मला सर्वांत जास्त खटकतं ते तपासण्यांचं वेळापत्रक. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. साखर १४० किंवा त्याहून वर गेली तर गरोदरपणातला मधुमेह. ही चाचणी पहिल्या भेटीतच करायची असते, पण बऱ्याच जणींची होते ती थेट सहाव्या महिन्यात. वारेची बांधणी तर पहिल्या तीन-चार महिन्यांतच उरकलेली असते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून राबवलेल्या ‘सरस’ प्रकल्पात हिरव्या भाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ स्त्रियांना गर्भ राहण्याच्या आधीपासून रोज दिला. ज्यांना तो मिळाला त्यांच्यात गरोदरपणातला मधुमेह ७.३ टक्के, न मिळालेल्यांत १२.४ टक्के. काही मोजक्या औषधांनाच असं यश मिळतं; इथे ते पालेभाजीने मिळवलं.

तरीही बोट दाखवलं जातं ते बाईकडेच. डोहाळजेवणात ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’ म्हणून पुरणपोळीवर तूप वाढणाऱ्याच बायका सहा महिन्यांनी ‘किती सुटलीस गं’ म्हणतात. स्थूल स्त्रीने नऊ महिन्यांत पाच ते नऊ किलो वाढावं, एवढंच अमेरिकी निकष सांगतात. उपाशी राहावं असं कुणीही सांगत नाही. वजन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासायची वेळ लग्नाआधीची, कॉलेजच्या दिवसांतली. केईएमच्या ‘प्रिया’ प्रयोगाने हीच वेळ साधली: त्या सहा गावांतल्या, १९९३ नंतर जन्मलेल्या मुलामुलींपैकी काहींना वयात आल्यावर रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ दिलं, आणि मुली आई झाल्यावर त्यांच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासायला घेतलं.