पेटीतला सराव

शस्त्रक्रिया न करणाऱ्या बालरोगतज्ज्ञाने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर लिहावे, याचे सर्जन मित्रांना कदाचित आश्चर्य वाटेल. परंतु आंत्रपुच्छाला सूज आलेले लेकरू त्यांच्या हाती सोपविणारा मी असतो, आणि “साहेब, इथंच करायचं का नागपूरला न्यायचं?” हा प्रश्नही आईवडील प्रथम मलाच विचारतात.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातील पहिली पित्ताशयाची दुर्बीण-शस्त्रक्रिया केली. आज हे तंत्र जिल्ह्याच्या गावी पोचले आहे. मात्र यंत्र आले म्हणजे हात तयार झाला, असे होत नाही. पडद्यावरचे चित्र सपाट असते, खोलीचा अंदाज चुकतो. हात उजवीकडे गेला की उपकरणाचे टोक डावीकडे वळते. बोटांना स्पर्श जेमतेमच कळतो. त्यातून मुलाचे पोट लहान. कामाला जागा थोडी आणि चुकीला त्याहून थोडी.

मग या सवयी रुग्णाच्या पोटातच का शिकाव्यात? १९८० मध्ये दुर्बिणीने पहिले आंत्रपुच्छ काढणारे जर्मनीचे डॉ. कुर्ट सेम यांनी सरावाची पेटीही तयार केली होती. अमेरिकेतील येल विद्यापीठाचा २००२ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यात संगणकीय आभासावर आधी सराव केलेल्या निवासी डॉक्टरांनी पित्ताशय सोडविण्याचे काम २९ टक्के लवकर उरकले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची वा भलताच भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती.

आपल्याला संगणकाचीही गरज नाही. प्लास्टिकचा डबा, झाकणाला दोन छिद्रे, आत दिवा, मोबाइलचा कॅमेरा आणि जुनी उपकरणे पुरेत. रबरी कडी एका चिमट्यातून दुसऱ्यात अधांतरी द्यावी, कापडावर आखलेले वर्तुळ कापावे, आतल्या आत गाठ मारावी. वेळ आणि चुका, दोन्ही मांडून ठेवाव्यात. रविवारच्या तीन तासांपेक्षा रोजची वीस मिनिटे अधिक फळतात.

नवजात बाळाला श्वास देण्याचा सराव आम्ही बालरोगतज्ज्ञ आजही बाहुलीवर करतो. त्यात कोणी कमीपणा मानत नाही. अशी एक पेटी आपल्या संस्थेच्या सभागृहात असावी. रिम्समधील तरुण डॉक्टरांनी आणि आपल्या ज्येष्ठ सर्जनांनीही तिच्यापुढे बसावे. म्हणजे त्या आईवडिलांना “इथंच करू” असे मी निःशंक मनाने सांगू शकेन.