प्राणी आणि बुरशी यांचे एकपेशीय भाऊबंद

ऑपिस्थोकॉन्टा : प्राणी, बुरशी व त्यांचे एकपेशीय नातलग यांचा गट. खूण : पोहणाऱ्या पेशीला मागच्या टोकाला एकच कशाभिका. माणसाच्या शुक्रपेशीत ती दिसते, कायट्रिड बुरशीच्या बीजाणूतही. म्हणजे अळंबी वनस्पतींपेक्षा आपल्याला जवळची.

• कोअॅनोफ्लॅजेलेट : प्राण्यांचे सर्वांत जवळचे. कशाभिकेभोवती सूक्ष्म तंतूंची कॉलर. तिच्यावर जिवाणू अडकतात, तेच अन्न. स्पंजाच्या कॉलर पेशींशी असलेले साम्य हेन्री जेम्स-क्लार्क यांनी १८६६ मध्ये टिपले. ‘मोनोसिगा ब्रेव्हिकॉलिस’चा जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, जनुके सुमारे ९,२००. त्यांत कॅडहेरिन प्रथिनांचीही. प्राण्यांत ही प्रथिने पेशीला पेशी चिकटवतात. इथे पेशी मुळात एकच!

• कॅप्सास्पोरा : गोड्या पाण्यातील गोगलगायीत सापडलेला अमीबासारखा जीव.

• इक्थिओस्पोरिया : बरेचसे प्राण्यांच्या शरीरात राहणारे. नाकात मांसल गाठी आणणारा ऱ्हायनोस्पोरिडियम यांतलाच. हा आजार भारत व श्रीलंकेत अधिक. तळ्यातल्या अंघोळीशी त्याचा संबंध जोडला जातो. पूर्वी या जीवाला बुरशीच समजत.

• न्यूक्लिअरिया, फॉन्टिक्युला : बुरशीच्या बाजूचे. दोन्ही अमीबासारखे सरपटतात.