भंडारदऱ्याचे काजवे आणि आमचे फोटो

प्रवरेच्या पाटांना पाणी देणारे भंडारदरा धरण (१९२६) आपणा उसवाल्यांना ठाऊक आहेच. मे अखेरीस तिथली हिरडा-बेहड्याची झाडे काजव्यांनी लखलखतात, अन् आम्ही शिर्डीकडची हौशी मंडळी कॅमेरे घेऊन निघतो. मागाहून फोटो बघताना वाद रंगतो, एका झाडावर एवढे काजवे? अहो, स्टँडवरून घेतलेले कितीतरी फोटो त्यात एकत्र केलेले असतात! तसे सांगूनच दाखवावा, असे आमचे मत.

खरे भांडण मात्र बॅटरी अन् फ्लॅशचे. काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद. उजेड पडला की ती हुकते, मग अंडी कुठली? म्हणून गाडीचे दिवे मालवून पायीच जावे. पावसाने जोर धरला की काजवे संपले, तेव्हा जायचे ते त्याआधीच.