दौंड गप्प, जपान बोलतोय

शिरूरच्या गच्चीवरून कडुनिंबापर्यंत तारेचा डायपोल अँटेना ताणा आणि भर सकाळी २१ मेगाहर्ट्झवर कान लावा. सरळ रेषेत जेमतेम ४५ किलोमीटरवर असलेल्या दौंडचा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, बहुधा ऐकू येणार नाही. सहा हजार किलोमीटरपलीकडचा जपानी मात्र शेजारच्या खोलीत असल्यासारखा बोलेल. या लहरी जमिनीलगत फार दूर पोचत नाहीत. त्या २५० ते ४०० किलोमीटर उंचीवरच्या आयनांबराच्या एफ थरातून वाकून खाली येतात, त्याही खूप पुढे. मधला पट्टा कोरडा राहतो. डोक्यावरून निघून जाणारे ढग पाहत आलेल्या शिरूर-दौंडच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

सीक्यू वर्ल्ड वाइड ही हौशी रेडिओची मोठी स्पर्धा. तिची बोलण्याची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असते. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि ४८ तास चालते. प्रत्येकाला सांगायचं एवढंच : ‘फाइव्ह नाइन, टू टू’. ५९ हा सिग्नलचा दर्जा, २२ हा आपला विभाग. आपल्याच देशातल्या संपर्काला शून्य गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला एक, खंडाबाहेर तीन. या बेरजेला मिळालेल्या देशांच्या आणि विभागांच्या संख्येने गुणायचं. म्हणजे दौंड लागलं तरी गुण शून्य. पण तो भारतातला पहिलाच संपर्क असेल, तर गुणक वाढतो.

खरा पेच इथेच आहे. सकाळी जपानी रांग लावून उभे असतात, पण एकेका गुणाचे. तीन गुणांचा अमेरिकी हवा, तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा जवळचा रस्ता उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि भूचुंबकीय वादळात सर्वांत आधी तोच बंद पडतो. सूर्यास्तानंतर वेगळीच अडचण. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, रात्री एफ थरात विरळ बुडबुडे उठतात आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा थरथरतो.

माझ्या मते गावाकडच्या हॅमची मोठी कमाई म्हणजे शांतता, आणि तिचीच आता चणचण आहे. स्वस्त एलईडी दिवे, चार्जर, सौर इन्व्हर्टर, धूळ बसलेले विजेच्या खांबांवरचे इन्सुलेटर, दौंड जंक्शनपाशी रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारा, सगळ्यांची खरखर रिसिव्हरमध्ये उतरते. आजूबाजूची वीज गेली आणि आपला सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर असला, की त्या खरखरीखाली दबलेली स्टेशनं एकेक करून वर येतात. भारनियमनाचा असा उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

मग सूर्य. २६ ऑक्टोबर २०२४, स्पर्धेचा पहिलाच दिवस. दुपारी १२ वाजून ४९ मिनिटांनी एक्स १.८ तीव्रतेच्या सौरज्वालेने शिखर गाठलं, तेव्हा भारतात ऊन ऐन भरात होतं. अशा ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पृथ्वीवर येतात आणि ६० ते ९० किलोमीटरवरचा डी थर दाट करतात. तो थर लहरी परतवत नाही, गिळतो. बँड एकाएकी मुका होतो आणि नवखा माणूस केबल तुटली समजून गच्चीकडे धावतो. जाणता खुर्ची सोडत नाही. हे शोषण वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. १४ मेगाहर्ट्झच्या मानाने २८ वर ते साधारण चौथाई. तो डायल २८ वर नेतो आणि हाक देत राहतो, कारण आधी उघडणार तोच बँड.